हिच्या हातात वाजायला काय न्हाय

सरुबाई गेल्या, त्यानंतरच्या गुरुवारी रेडिओवर त्यांच्या आठवणींचा एक छोटा कार्यक्रम करायचं ठरलं. केंद्र चालवणारी नम्रता उत्तरेश्वररावांना म्हणाली, "काका, दोन मिनिटं तुम्ही बोला. इतकी वर्षं त्यांच्यासमोर तुम्हीच बसत होता." उत्तरेश्वरराव "बघतो" म्हणाले आणि घरी येऊन पलंगाच्या कडेला बसून राहिले. काय बोलायचं ते मनाशी जुळवायला लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की या बाईंविषयी आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही. माहेर कुठलं, नवरा कशानं गेला, लग्नाआधी नाव काय होतं, देव कुठला मानायच्या, काही म्हणजे काही नाही.

"मग इतकी वर्षं तिथं करत काय होता?" त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

"ऐकत होतो."

"घरात नाही कधी ऐकलंत ते!"

उत्तरेश्वररावांना माहीत होता तो फक्त आवाज. तो मात्र असा माहीत होता, की बाजारातल्या गलक्यातही त्यांनी वेगळा काढला असता. प्रश्न विचारण्याआधी सरुबाईंची जीभ टाळूला लागून बारीक 'टक्' व्हायचं. खालचा एक दात पडला होता, त्यामुळे 'स'मधून थोडी हवा निसटायची. हसू यायचं असलं की आधी श्वास थांबायचा. हे सगळं त्यांना हेडफोनमधून कळलं होतं. चेहरा म्हणाल, तर दोघांच्या मध्ये काच होती आणि काचेतून पलीकडे बघण्याऐवजी ते पडद्यावर हलणाऱ्या हिरव्या रेषा बघत. बाईमाणसाकडे टक लावून बघू नये, ही लहानपणची शिकवण. त्यात स्वभाव मुळातच बुजरा.

गुरुवारी ते बोलले नाहीतच. इतर जण बोलत असताना नेहमीसारखे यंत्रापाशी बसून राहिले. बोलले असते, तर ते साधारण असं काहीतरी झालं असतं.

उत्तरेश्वरराव मूळचे केजकडचे. तरुणपणी हडपसरला आले आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींना तारा गुंडाळण्यात त्यांचा जन्म गेला. बिघडलेले ट्रान्झिस्टर दुरुस्त करणं ही सुट्टीच्या दिवसाची हौस. निवृत्त झाल्यावर मांजरी रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहायला आले. नम्रता त्यांच्याच इमारतीत राहायची. जवळच्या एका कॉलेजच्या आवारात तिनं छोटं रेडिओ केंद्र उभं केलं होतं. ग्रंथालयामागची एक खोली, गच्चीवर एक मनोरा. आवाज हडपसर, मांजरी आणि आसपासच्या चार वस्त्यांपर्यंत जायचा. स्वारगेटच्या बसमध्ये मोबाइलवर लावून बसलं, तर डेपो यायच्या आत खरखर सुरू व्हायची.

सुरुवातीला प्रत्येक कार्यक्रमामागे एक गुणगुण ऐकू यायची. नम्रतानं जिन्यात उत्तरेश्वररावांना गाठलं. "काका, तुम्ही इलेक्ट्रिकलवाले ना? आमच्याकडे एक हम येतोय, प्लीज बघाल का?" त्यांनी जाऊन पाहिलं. अर्थिंग नीट नव्हतं. ते केलं, गुणगुण थांबली. चहा झाला. मग उद्या दुसरं काही निघालं, परवा तिसरं. शेवटी कौशल्याबाईच म्हणाल्या, "रोजच जात जा. पगार नसला तरी चालेल. सकाळी घरभर फिरून माझ्या फरशीवर पाय उमटवणं तरी थांबेल."

नम्रताच्या डोक्यात एक कार्यक्रम होता. पुण्याचा इतिहास म्हटला, की लोक पेठांमध्ये शिरतात आणि लढायांवर येतात, असं ती म्हणायची. शहरानं या बाजूची गावं गिळली, त्यांचा इतिहास कोण सांगणार? तो गावातल्या बायकांनी सांगावा, तोही त्यांच्याच बोलीत. कार्यक्रमाचं नाव ठरलं 'आमच्या येळंला'. गुरुवारी दुपारी ध्वनिमुद्रण व्हायचं आणि रविवारी सकाळी ते लागायचं.

पहिल्या गुरुवारी मांजरीच्या पाच-सहा बायका आल्या. सगळ्यांत पुढे सुशीलाबाई. ठसठशीत कुंकू, दोन्ही हात कोपराच्या खाली हिरव्यागार बांगड्यांनी भरलेले आणि आवाज असा, की माइकची गरजच नव्हती. त्यांच्या मागून एक किरकोळ बांध्याच्या बाई आत आल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसल्या. त्या सुशीलाबाईंच्या धाकट्या जाऊ, सरुबाई. नुसत्या सोबतीला आल्या होत्या.

खोलीतला पंखा घरघरायचा, म्हणून बोलणं सुरू होण्याआधी तो बंद करावा लागे. पंखा बंद झाला. सुशीलाबाई हडपसरच्या बाजाराला डोक्यावर पाटी घेऊन कशा जायच्या ते सांगायला लागल्या. त्या फक्त तोंडानं थोड्याच सांगत होत्या! पाटी उचलायला हात वर, दर सांगायला हात पुढे, दलालाला झाडायला हात टेबलावर. हेडफोनमध्ये उत्तरेश्वररावांना असं ऐकू येत होतं, की कुणीतरी भांड्यांचं अख्खं टोपलं मोरीत ओततंय आणि त्यातून एक बाई ओरडतेय.

नम्रतानं त्यांना थांबवलं. "काकू, मस्तच चाललंय. फक्त एक रिक्वेस्ट. बांगड्यांचा फार आवाज येतोय. दहा मिनिटं जरा काढून ठेवाल का?"

खोलीत एकदम शांतता पसरली. पंखाही बंद, त्यामुळे ती शांतता फारच ऐकू आली.

"लगीन झालंय का गं तुजं?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"हो, झालंय ना."

"आन आईनं काय सांगितलं न्हाय?" सुशीलाबाईंनी दोन्ही मनगटं छातीशी धरली. "माजा मालक जित्ता हाय बाई. खाली रिक्षात बसलाय. वाटलं तर खिडकीतनं बघ."

बायका खो-खो हसल्या. नम्रताचा चेहरा उतरला. तिनं चारचारदा माफी मागितली. उत्तरेश्वररावांना काहीतरी करावंसं वाटलं. मोटारीच्या तारा बांधायची सुती पट्टी त्यांच्या पिशवीत होती. ती त्यांनी मान खाली घालून नम्रताच्या हातात दिली. नम्रतानं ती सुशीलाबाईंच्या बांगड्यांभोवती गुंडाळली.

"बघा गं, रेडिओवर आलं की हात मोडतो!" सुशीलाबाई म्हणाल्या. पण हात बांधल्यावर त्यांचं बोलणंही बांधल्यासारखं झालं. प्रश्न कुणी विचारायचे, हेही ठरत नव्हतं. प्रत्येकीच्या हातात काही ना काही किणकिणत होतं. शेवटी सुशीलाबाईंनीच तोड काढली. दाराकडे बोट करून त्या सहज म्हणाल्या, "त्यापरीस हिला बसवा की मधी. सरे, ऊठ. हिच्या हातात वाजायला काय न्हाय."

त्यात वाईट हेतू नव्हता. पाट रिकामा आहे, बस, असं म्हणावं तशा त्या म्हणाल्या. सरुबाईंचा नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि माइकसमोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. नम्रतानं लिहून आणलेले प्रश्न त्यांना वाचून दाखवले. सरुबाईंनी ते ऐकले, जीभ टाळूला लावली आणि सुशीलाबाईंना भलताच प्रश्न विचारला, "आक्का, बाजारातनं रिकामी पाटी घिऊन येताना तू कुठं थांबायचीस?"

सुशीलाबाई चपापल्या. मग हसत सुटल्या. वाटेत एका आंब्याखाली बसून त्या एकट्याच भजी खायच्या. ते घरी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. ते ऐकायला मिळालं रविवारी, सगळ्या मांजरीला.

ती खुर्ची मग सरुबाईंची झाली. त्यांच्या घरी काही कमी नव्हतं. मुलगा विश्वजीत याचं बांधकामाच्या सामानाचं मोठं दुकान होतं. दारात दोन मोटारी होत्या. तो आईला मोटारीतून सोडायला यायचा, आणि सरुबाई लाजून गेटच्या अलीकडेच उतरून चालत यायच्या. त्या घरातलं सगळं सासऱ्याचं, नवऱ्याचं, मुलाचं. ही एक खुर्ची तेवढी त्यांची होती. ती राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. दर गुरुवारी दारातून आत येताना त्या विचारायच्या, "भाऊ, माज्या जागेवर दुसरी कुणी बसली न्हाय ना?" उत्तरेश्वररावांना वाटायचं, बाई थट्टा करतात. ते खाली बघूनच हसायचे.

सरुबाई वाचून काही विचारत नसत. समोरच्या बाईला त्या आधी पाणी द्यायच्या. मग त्या बाईच्या बांगड्यांना पट्टी बांधायच्या, हळद लावल्यासारखी हलक्या हातानं. मग म्हणायच्या, "पंखा बंद करा भाऊ." आणि गप्पा सुरू. कालव्यावर कपडे धुताना ठरलेली लग्नं, लेझीम खेळायला पहिल्यांदा उतरलेल्या मुली, हादग्याची गाणी, कारखान्याच्या गेटसमोर उन्हात धरणं धरून बसलेल्या कामगारांच्या बायका, दारूच्या दुकानाविरुद्ध गावात फिरलेला बायकांचा मोर्चा, अशा कितीतरी गोष्टी त्या टेबलावर आल्या. मोर्चातल्या एका आजींना सरुबाईंनी विचारलं होतं, "दुकान बंद झालं त्या दिवशी घरी काय केलंस?" आजी म्हणाल्या, "निजले. लई वर्सांनी सांजंला निजले."

एकदा उत्तरेश्वररावांची सोसायटी कुठली, असं त्यांनी विचारलं. त्यांनी नाव सांगितलं.

"अगं बया! त्यो आमचा उसाचा मळा की. जिना कुण्या अंगाला हाय तुमचा? उगवतीला? मंग त्याच्या खालीच हीर हुती आमची."

हे उत्तरेश्वररावांनी घरी सांगितलं. कौशल्याबाई म्हणाल्या, "तरीच तळमजल्याला ओल येते. बिल्डर म्हणत होता, हवामानामुळं."

सरुबाईंचं नाव झालं ते मात्र किल्लीमुळे. एका बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलेलं होतं, पण त्याला कायम कुलूप. एका भाजीवालीनं कार्यक्रमात हे सांगितलं. त्या रविवारपासून सरुबाईंनी कार्यक्रमाच्या शेवटी एक वाक्य जोडायला सुरुवात केली. त्यांचा आवाज चढत नसे. हवामान सांगावं तसं त्या सांगायच्या.

"ह्या आठवड्याला किल्ली राखणदाराकडं हुती. राखणदार कुठं हुता ते कळलं न्हाय."

पुढच्या आठवड्यात, "किल्ली चहावाल्याकडं ठिवलीया. चहावाला करमाळ्याला गावी गेलाय. ज्या बायांना जायचं आसंल, त्यांनी करमाळ्याला जाऊन यावं. गाडी स्वारगेटवरनं मिळती."

लोक त्या एका वाक्यासाठी रेडिओ लावायला लागले. कुठल्याशा कार्यालयातून नम्रताला फोन आला, "मॅडम, त्या बाईंना सांगा, आता पुरे." नम्रतानं निरोप दिला. सरुबाई म्हणाल्या, "फोन आलाय तर इच्यार ना त्यांना, किल्ली कुठं हाय." त्यानंतर थोड्याच दिवसांत कुलूपच निघालं. सरुबाईंनी हवेवर सांगितलं, "ह्या आठवड्याला किल्ली न्हाय. लागत न्हाय आता." आणि पुढचं गाणं लागलं.

अशी वर्षं गेली. उत्तरेश्वररावांचे केस पिकले. केंद्राला देणगी मिळाली, त्यातून नवा माइक आला. तो टेबलावर ठेवायचा नव्हता, वरून लटकणारा होता, आणि समोरच्या तोंडातलं तेवढंच ऐकणारा. जुन्या माइकसारखा टेबलावरची मुंगी ऐकणारा नव्हता.

मग सरुबाईंच्या नातीचं, तनुजाचं लग्न ठरलं. ती आयटीत होती. लग्नाआधी मांजरीत अजून कासाराला घरी बोलावून बायकांना बांगड्या भरायची रीत आहे. कासारीण दीपाली यायची होती. त्याच्या आदल्या गुरुवारी सुशीलाबाई आणि तनुजा दोघी सरुबाईंच्या आधीच केंद्रावर येऊन बसल्या.

"मॅम, तुम्ही आजीला समजवा," तनुजा नम्रताला म्हणाली. "मला पहिली बांगडी आजीच्या हातात भरायची आहे. पप्पा ओके आहेत, सगळेच ओके आहेत. आजीच नाही म्हणते. डायरेक्ट उठून जाते!"

"आणि मला वाटायचं, तुमच्या घरात चालत नाही," नम्रता म्हणाली. "म्हणून मी कधी विषयच काढला नाही."

"आमच्या घरात?" सुशीलाबाईंनी हात उडवले. "आमच्या घरात आता न चालायला ऱ्हायलंय काय? विश्वजीत नवी मोटार घेतली तरी केक कापतो. मीच म्हनलं तिला, सरे, घाल, मी मोठी जाऊ सांगतीया. तर म्हनती, न्हाय आक्का, मला न्हाय जमायचं. लई जुन्या मताची हाय ती."

उत्तरेश्वरराव काचेपलीकडून ऐकत होते. त्यांनाही तसंच वाटत होतं. इतक्यात सरुबाई आल्या. सगळे गप्प झाले. "भाऊ, दुसरी कुणी बसली न्हाय ना?" नेहमीसारखं विचारून त्या खुर्चीत बसल्या. त्या दिवशी सुशीलाबाईंनाच लग्नघरच्या चालीरीतींवर बोलायचं होतं. सरुबाईंनी त्यांच्या हिरव्या बांगड्यांना पट्टी बांधली, तेव्हा त्यांचा हात जरा जास्त वेळ त्या बांगड्यांवर राहिला. पंखा बंद झाला. मुद्रण झालं. सुशीलाबाई आणि तनुजा बाहेर पडल्या, नम्रता त्यांना सोडायला गेटपर्यंत गेली.

सरुबाई मात्र उठल्या नाहीत. थोड्या वेळानं त्या काचेच्या या बाजूला आल्या. या बाजूला त्या कधी येत नसत. उत्तरेश्वरराव गडबडीनं उभे राहिले.

"भाऊ, एक इच्यारू का?"

"विचारा ना."

"खरं सांगाल?"

"हो."

"हात वाजाया लागल्यावर दुसरी बाई बघाल ना?"

त्यांना काही उमगेना. 

"ही खुर्ची मला कशावर मिळाली, ते तुमी ऐकलंय की," सरुबाई म्हणाल्या. "आक्का म्हनली हुती, हिच्या हातात वाजायला काय न्हाय. घरच्यास्नी वाटतंय, मी लोकांना भिऊन नगं म्हनती. लोकांचं काय मोठंसं? मला हितलं भ्या वाटतंय. तनूचं मन मोडवत न्हाय, आन हे सोडवत न्हाय."

तेव्हा कुठं उत्तरेश्वररावांच्या डोक्यात प्रकाश पडला. 'दुसरी कुणी बसली न्हाय ना?' ही थट्टा नव्हती. इतकी वर्षं ही बाई मनगटं मोकळी ठेवून आपली जागा राखत होती, आणि अख्खं जग समजत होतं की ती रीत पाळतेय. त्यांना सांगायचं होतं पुष्कळ. तोंडातून निघालं एवढंच, "तसं काही नाही हो." तेही इतकं पुटपुटत, की कुणालाही वाटावं, माणूस नुसतं मन राखायला बोलतोय. सरुबाईंना तसंच वाटलं. त्या मान हलवून वळल्या.

बोलणं आपल्याला जमत नाही, हे उत्तरेश्वररावांना ठाऊक होतं. त्यांनी घाईनं आपला हेडफोन काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "ऐका."

सरुबाईंनी तो पदरावरूनच कानाला लावला. उत्तरेश्वररावांनी मागच्या महिन्याचं एक मुद्रण लावलं. पाहुणी पुन्हा सुशीलाबाईच होत्या. त्या दिवशी त्या अशा रंगात आल्या होत्या, की हातावरची पट्टी सुटून जमिनीवर पडली होती. हेडफोनमधून ते फक्त उत्तरेश्वररावांना कळलं होतं आणि त्यांनी मुद्रण तसंच चालू ठेवलं होतं.

सरुबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आक्काचं बोलणं सगळं कळतंय. पर ती वाजतीया ह्यात. बारीक."

"बारीकच. चांगलं वाटतं ते. हा माइक आल्यापासून पट्टीची गरजच राहिलेली नाही."

"मंग आमाला बांधायला का लावता?"

"मी कुठं लावतो? तुम्हीच बांधता. मला वाटलं, आता ती तुमची रीत झाली."

"आमची रीत?" सरुबाईंचा श्वास थांबला. "आमाला वाटलं, रेडिओचा नेम हाय! नव्या बाईला मी बजावून सांगती, हात बांधल्याबगर हितं बोलाया मिळत न्हाय म्हणून."

आणि त्या हसल्या. हेडफोनशिवाय त्यांचं हसणं उत्तरेश्वररावांनी पहिल्यांदाच ऐकलं. अंगाच्या मानानं ते फारच मोठं निघालं. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. "म्हंजी आमी तुमच्यासाठी आन तुमी आमच्यासाठी. आन मधी त्या पट्ट्या!" मग त्या पुन्हा गंभीर झाल्या. "पर भाऊ, आक्काचं येगळं. ती पाहुणी. मी रोजची. माज्या आवाजाच्या आड आलं तर?"

उत्तरेश्वररावांनी घसा साफ केला. एखाद्या बाईशी ते आयुष्यात इतकं लांब वाक्य फार क्वचित बोलले असतील. "सरुबाई, खुर्ची तुम्हाला हातामुळं मिळाली असेल. पण राहिली ती किल्लीमुळं."

 सरुबाईंनी हेडफोन काढून तो नीट, वायर गुंडाळून टेबलावर ठेवला. "बरं," म्हणाल्या, आणि गेल्या.

पुढच्या गुरुवारी लग्नघाई होती, त्यामुळे मुद्रण नव्हतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्या आल्या. पदरात हात गुंडाळलेले होते. आज त्यांनी खुर्चीविषयी काही विचारलं नाही. बसल्या, हात टेबलाखाली घेतले आणि शाळेत पहिल्या दिवशी बसावं तशा ताठ राहिल्या. समोर दीपाली कासारीण होती. बांगडी भरताना पंजा कसा दाबायचा, अंगठ्याचं हाड कसं आत घ्यायचं, नव्या नवरीच्या हातात एक बांगडी जास्त का भरायची, हे ती सांगत होती. सरुबाई प्रश्न विचारत होत्या, पण आवाज दबलेला होता. श्वास अपुरा पडत होता. टाळूवरचं 'टक्' सुद्धा होत नव्हतं. पडद्यावरची हिरवी रेषा मलूल दिसत होती.

उत्तरेश्वररावांनी मुद्रण थांबवलं. आतल्या खोलीतल्या स्पीकरवर बोलायचं एक बटण त्यांच्यापाशी होतं. ते सहसा दाबत नसत. त्यांनी ते दाबलं.

"सरुबाई, हात वर घ्या."

सरुबाईंनी काचेतून पाहिलं. त्या दिवशी उत्तरेश्वररावांनीही खाली बघितलं नाही.

हात वर आले. उत्तरेश्वररावांनी मुद्रण पुन्हा सुरू केलं. लालभडक काचेच्या बांगड्या, दोन्ही मनगटांत भरून. टेबलाच्या कडेला लागून त्या किणकिणल्या आणि हिरव्या रेषेच्या बाजूला लहान लहान टोकं उमटली.

"हिरव्या घेत हुते मी," दीपाली माइकमध्येच म्हणाली. "तर ह्या म्हनल्या, तांबड्या दे, लांबनं दिसतील."

"रेडिओवर कशाला दिसत्यात गं?" सरुबाई म्हणाल्या. आणि मग टाळूवर 'टक्' झालं, आणि कार्यक्रम खऱ्या अर्थानं सुरू झाला.

उत्तरेश्वररावांनी त्यातलं काही काढलं नाही. रविवारी सकाळी ते तसंच लागलं. कार्यक्रम संपताच केंद्राचा फोन वाजला. सुशीलाबाई होत्या. "मधी बोलतीया ती आमची जाऊ हाय का कासारीण?" नम्रता हसून म्हणाली, "दोघी आहेत काकू." "हां. न्हाय, वाजत्यात चांगल्या. तिला म्हनावं, रातीला काढून ठिवू नगं. फुटल्या तर वाढवल्या म्हनायचं, तेवढंच." आणि फोन ठेवला.

त्यानंतर पट्ट्या कुणी बांधल्या नाहीत. उरलेलं बंडल उत्तरेश्वररावांनी घरी नेलं. कौशल्याबाईंनी त्यानं गॅलरीतला मोगरा गजाला बांधला. 'आमच्या येळंला' आता ऐकलं, तर बोलण्याच्या मागे सतत एक किणकिण असते. पुण्यातल्या कुठल्याशा जाणकारानं नम्रताला लिहून कळवलं, की पार्श्वसंगीत छान आहे, फक्त थोडं कमी करा. नम्रतानं ते पत्र सरुबाईंना वाचून दाखवलं. "त्यास्नी हितं बोलव," सरुबाई म्हणाल्या. "त्यांच्याबी हातात भरू."

खुर्चीवर दुसरी कुणी बसली नाही ना, हे मात्र त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. उलट अधूनमधून त्या कुणा पोरीला खुर्चीत बसवायच्या, 'जरा तू इच्यार' म्हणायच्या आणि स्वतः दाराजवळच्या जुन्या स्टुलावर जाऊन ऐकत बसायच्या.

शेवटचा गुरुवार हा काही वेगळा नव्हता. तो शेवटचा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, सरुबाईंनाही नसावं. कालव्यावरच्या धुण्याविषयी दोन म्हाताऱ्या बोलून गेल्या होत्या. दुपार चांगलीच तापली होती. उत्तरेश्वररावांच्या शर्टाची पाठ भिजून गेली होती. त्यांना शेवटचा तुकडा एकदा नीट ऐकायचा होता, म्हणून ते पंखा बंद ठेवूनच बसले होते. सरुबाई उठल्या. बांगड्या वाजल्या. काचेच्या या बाजूला येऊन दारात थांबल्या. आता त्या या बाजूलाही यायच्या.

"पंखा लावा की आता भाऊ. किती घाम घाम झालाय."

"लावतो."

"मळ्याचा तुकडा ऱ्हायलाय न्हवं, त्यात वांगी आल्यात. काटेरी. कौशल्याबाईंस्नी पाठवली तर चालत्याल का?"

"चालतील की."

"भरून करा म्हनावं."

"सांगतो."

"येते मंग."

"या."